क्लब मालकाचा की पब्लिकचा?

शनिवारी रात्री आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये काय चालतं, हे रेक्टर सरांना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. अर्धी पोरं मँचेस्टर युनायटेडवाली, पाव लिव्हरपूलवाली आणि उरलेली जो जिंकेल त्याची! या गर्दीत अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी घालून बसणारा मी एकटाच. फर्स्ट इयरचं कोणीतरी दरवर्षी विचारतंच, "ही कुठली टीम रे?" ब्लॅकबर्न रोव्हर्स. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "हीच का?"

तर मंडळी, या 'का'चं उत्तर इंग्लंडमध्ये नाही, आपल्या पुण्यात आहे.

नोव्हेंबर २०१०. मी तेव्हा पहिलीत होतो. बाबांनी सकाळी पेपर पुढे केला आणि म्हणाले, "बघ, पुण्याच्या कंपनीनं इंग्लंडचा क्लब विकत घेतला!" अंडी आणि चिकनच्या धंद्यातल्या व्यंकीज ग्रुपने ब्लॅकबर्न रोव्हर्स २३ दशलक्ष पौंडांना घेतला होता. वर क्लबचं कर्जही अंगावर घेतलं. आमच्या घरात कोणी फुटबॉलला कधी लाथ मारली नव्हती, पण त्या दिवशी आम्ही सगळे ब्लॅकबर्नवाले झालो. गोरा साहेब आपल्यावर राज्य करून गेला, आता त्याचा क्लब आपण चालवणार! छाती फुगली होती हो.

पुढे माझा आतेभाऊ एम.एस. करायला मँचेस्टरला गेला. ७ मे २०१२ ला तो ब्लॅकबर्नच्या मैदानावर, म्हणजे ईवुड पार्कवर, मॅच बघत होता. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कुठला तू?" दादाने उत्तर दिलं, "मुंबई."

पुण्याचा माणूस स्वतःला मुंबईचा म्हणवून घेतो, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल याचा अंदाज तुम्हाला आला असेलच!

असं काय झालं होतं?

आधी थोडा इतिहास. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव. क्लब १८७५ सालचा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग बारा क्लबांनी सुरू केली, त्यातला हा एक. १९९१ मध्ये जॅक वॉकर या गावातल्याच पोलादाच्या व्यापाऱ्याने क्लब हातात घेतला, केनी डाल्ग्लिशला मॅनेजर केलं, ॲलन शिअररला आणलं आणि १९९५ मध्ये चक्क प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये गेले. त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टने दहा वर्षांनी क्लब विकला.

नवे मालक आल्यावर महिन्याभरातच सॅम ॲलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं. तेव्हा टीम तेराव्या नंबरवर होती, म्हणजे धोक्यात अजिबात नव्हती. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन, ज्याने आधी कुठल्याच क्लबला मुख्य मॅनेजर म्हणून सांभाळलं नव्हतं. रोनाल्डिन्योला आणण्याच्या बाता झाल्या. तो आला नाही. चिकनच्या जाहिरातीत मात्र टीमचे खेळाडू दिसले. आणि त्या ७ मेच्या रात्री विगनकडून घरच्या मैदानावर ०-१ हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेलं. निषेध म्हणून कोणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. ते दृश्य जगभर गाजलं.

पुढचा हंगाम तर एखाद्या विनोदी नाटकासारखा. सप्टेंबर २०१२ मध्ये कीनने राजीनामा दिला. हेनिंग बर्ग आला, ५७ दिवस टिकला. मायकेल ॲपलटन आला, ६७ दिवस टिकला. आपली एक सेमिस्टर याहून मोठी असते! बर्गने कोर्टात जाऊन सव्वादोन दशलक्ष पौंड नुकसानभरपाई मिळवली, ती वेगळीच. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये पोहोचला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली. पुढच्याच वर्षी तो वर आला खरा, पण प्रीमियर लीग दूरच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, "टीम हरतेच की! त्यात रडायचं काय?" अगदी बरोबर. पण दादाच्या शेजारचे ते आजोबा हरल्याबद्दल रडत नव्हते. हरणं त्यांनी साठ वर्षं पाहिलं होतं. त्यांची तक्रार अशी होती, की "आम्ही ओरडतोय ते कोणाला ऐकूच जात नाही."

हे वाक्य दादाने सांगितलं तेव्हा मला काही कळलं नाही. टी.ई.ला कंट्रोल सिस्टिम्स शिकताना ट्यूब पेटली.

ओपन लूप, क्लोज्ड लूप

आठवतोय ना तो ब्लॉक डायग्राम? (ओरलला विचारतात, लक्षात ठेवा.) आउटपुट मोजायचं, इनपुटशी ताडून बघायचं, जो फरक येईल त्याप्रमाणे सिस्टिम सुधारायची. हा झाला फीडबॅक. कुठल्याही धंद्यात हे काम गिऱ्हाईक करतं. मेसची भाजी बिघडली की आपण टपरीवर वडापाव खातो. मेसमधली ताटं कमी झाली की मेसवाल्याला कळतं, आणि निदान आठवडाभर तरी भाजी सुधारते.

फुटबॉलच्या चाहत्याला ही सोयच नाही. ब्लॅकबर्न वाईट खेळलं म्हणून तो मँचेस्टरच्या टीमचा होत नाही, भले ती ४० किलोमीटरवर का असेना. त्याचे वडील इथे बसायचे, आजोबा इथे बसायचे. म्हणजे माल कितीही खराब असला तरी गिऱ्हाईक हलत नाही. मालकाच्या ऑफिसपर्यंत चुकीचा सिग्नल पोहोचतच नाही. सिस्टिम ओपन लूप!

बरं, समजा चाहत्याने ठरवलं, की मी जाणारच नाही. ब्लॅकबर्नला तेही झालं. पंचवीस हजारांच्या आसपासची सरासरी गर्दी सहा-सात वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. पण तिकिटांचा पैसा कमी झाला की खेळाडू विकावे लागतात, टीम आणखी कमजोर होते. म्हणजे ज्याला वाचवायचं त्याचाच गळा आपण आवळतो. गेलो तर मालकाला वाटतं सगळं ठीक आहे, न गेलो तर क्लब बुडतो. चाहत्यांच्या काळजीचं मूळ या कात्रीत आहे.

पैसा ओतला म्हणजे झालं?

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. व्यंकीजनी क्लबला लुटलं असं कोणी म्हणू शकत नाही. उलट वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरून काढला. इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये अनेक हंगामांत क्लबांच्या एकूण उत्पन्नापेक्षा पगारांचा खर्च जास्त निघाला आहे. प्रीमियर लीगच्या टीव्हीच्या पैशाची आशा एवढी मोठी, की सगळेच ऐपतीबाहेर खर्च करतात. खड्डा मालकाने भरायचा.

म्हणजेच सगळा क्लब एका खांबावर उभा. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. २०२३ मध्ये भारतातल्या एका चौकशीमुळे ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. दिल्लीत तारीख पडणार आणि लँकेशायरमध्ये लोकांच्या पोटात गोळा येणार! त्याच वर्षी जानेवारीत एका खेळाडूचे कागद वेळेत पोहोचले नाहीत म्हणून करार फिसकटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या खेळाडूच्या बाबतीत पुन्हा तेच. सबमिशनची डेडलाइन चुकवणारे आपणच नाही तर!

मालकाकडे पैसा असणं वेगळं आणि क्लब चालवता येणं वेगळं. मॅनेजर निवडणं, करार संपण्याआधी खेळाडूशी बोलणं, कागद वेळेवर पाठवणं, लोकांसमोर येऊन उत्तर देणं, ही रोजची कामं आहेत. ती चेकबुकाने होत नाहीत.

यापेक्षा वाईटही असतं. ब्लॅकबर्नजवळच बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा, दोनदा एफ.ए. कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो फक्त एका पौंडाला विकला गेला. खिशात कर्ज सोडून काही नव्हतं. २०१९ च्या हंगामात टीमने मैदानावर वरच्या लीगमध्ये जागा मिळवली, पगार मात्र थकले. नवा मालक पैशाची खात्री देऊ शकला नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ ला बरीला लीगमधून काढून टाकलं. खेळाडू जिंकले, चाहते आले, क्लब गेला.

तिसरा प्रकार आपल्या टीव्ही रूममधल्या बहुमताचा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. घर विकत घ्यायचं आणि हप्ते घरानेच फेडायचे! चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला.

लूप जोडायचा कसा?

जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये ५० टक्के अधिक एक मत सभासदांकडे ठेवावं लागतं. गुंतवणूकदार आला तरी शेवटचा शब्द सभासदांचा. पोर्ट्समथच्या चाहत्यांनी वर्गणी गोळा करून २०१३ मध्ये बुडता क्लब घेतला, सावरला आणि २०१७ मध्ये स्वतःच मत देऊन नव्या मालकाला विकला. बरीसारख्या घटनांनंतर इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये कायदा झाला. मालकांची आणि हिशेबाची तपासणी करणारा स्वतंत्र नियामक त्यातून आला. चाहत्यांशी सल्लामसलत करणं आणि मैदान परस्पर न विकणं ही बंधनंही क्लबांवर आली. रामबाण उपाय एकही नाही, पण वायर कुठे जोडायची ते तरी कळलं आहे.

आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. महिंद्रा युनायटेड हा २००६ चा राष्ट्रीय लीगविजेता मुंबईचा क्लब २०१० मध्ये बंद झाला. एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीच्या स्टँडमध्ये नारिंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या पोरांना कोणी विचारायला आलं नव्हतं. कायद्याने तशी गरजही नव्हती.

दादा आता तिकडेच नोकरी करतो. ते आजोबा काही वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत दादा त्यांच्यासाठी 'मुंबईचाच' राहिला, याची त्याला अजून बोच आहे. सीझन तिकिटाच्या नूतनीकरणाचे दिवस आले की त्याचा फोन येतो, "काय करू रे? पैसे भरू की नको?" मी त्याला फीडबॅक, लूप, बहिष्कार, सगळं समजावतो. तो शांतपणे ऐकून घेतो.

मग म्हणतो, "भरले मी सकाळीच. म्हटलं, तुला उगाच विचारून बघावं."