जुन्या गाडीला नवे काळीज

हौसेला मोल नसते, पण जुन्या मोटारीत सहा सिलिंडरचे नवे इंजिन बसवायचे तर नियम मात्र आहेत. सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बंगळूरच्या जे. सी. रोडवर जाण्यापूर्वी हौशी मालकांनी ते जाणून घ्यावेत.

मद्रासला बनलेली ‘स्टँडर्ड २०००’ आठवते? १९८५ मध्ये आलेल्या या गाडीचा देखणा सांगाडा इंग्लंडच्या रोव्हरचा. तिकडे त्यात सहा आणि आठ सिलिंडरची इंजिने होती, इकडे जुन्या धाटणीचे चार सिलिंडरचे बसवले. रूप राजाचे, दम मात्र बेताचा! अशा गाड्या पाहूनच इंजिन बदलण्याचा मोह होतो.

एका रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये दट्ट्यांचे धक्के एकमेकांना तोलतात, म्हणून इंजिन थरथरत नाही. पण ते लांब आणि वजनदार असते. ब्रेक, स्प्रिंगा, गिअरबॉक्स, रेडिएटर तेच ठेवले, तर वेग वाढतो आणि गाडी आवरत नाही.

कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची. इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी लागते. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. मंजुरीविना केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून बॉनेट उघडण्याआधी आरटीओची पायरी चढावी.