फळा कोणाचा?

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला तो प्रसंग चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मास्तरांनी विद्यार्थी भीमरावाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. भीमरावाचा हात फळ्याला लागण्याआधी मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले. गणित बरोबर येते की चूक, याची फिकीर कोणालाच नव्हती. डबे बाटू नयेत, एवढीच काळजी होती.

आज आम्ही वाचकांना दुसऱ्या एका फळ्याची हकिगत सांगणार आहोत. हा फळा अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात होता आणि त्यावर टोपॉलॉजी नावाचे गणित शिकवले जात असे.

टोपॉलॉजी म्हणजे काय? ओल्या मातीचा कान असलेला कप घ्या. न फाडता, न चिकटवता, नुसता दाबत-ताणत गेलात तर त्याचे हातातले कडे होऊ शकते. कारण कपाच्या कानाला एक भोक, कड्यालाही एकच भोक. रूप पालटले तरी जे पालटत नाही, त्याचा शोध घेणारे हे शास्त्र. जातीचा अनुभव घेतलेल्या माणसाला ते समजायला अवघड जाऊ नये! काल वेगळा पाणवठा होता, आज मुलाखतीनंतर ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा आहे. रूप ताणले गेले, भोक तेच राहिले.

या शास्त्राचे अमेरिकेतले एक मोठे नाव म्हणजे रॉबर्ट ली मूर. जन्म 1882, मृत्यू 1974. टेक्सास विद्यापीठात त्यांनी 1920 ते 1969 अशी जवळजवळ पन्नास वर्षे शिकवले आणि 50 विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत नेले. त्यांची शिकवण्याची रीत जगभर ‘मूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. वर्गात पाठ्यपुस्तक नाही, व्याख्यान नाही. गृहीतके आणि प्रमेये तेवढी सांगायची. सिद्धता विद्यार्थ्याने स्वतः शोधायची आणि फळ्यापाशी जाऊन सर्वांसमोर मांडायची. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्हांला इथे आठवतो.

पण थांबा. हेच मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेत नसत. प्रत्येक विधानाला सिद्धता मागणाऱ्या या माणसाने काळ्यांच्या कमीपणाची सिद्धता कधी मागितली नाही. तेवढे एकच विधान त्यांनी वाडवडिलांकडून आले तसे मानले.

1950 साली आपले संविधान अमलात आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वेट खटल्यात टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाचे दार कृष्णवर्णीयांना उघडून दिले. विद्यापीठाचे दार उघडले, वर्गाचे उघडले का? व्हिव्हियन मॅलोन-मेज या कृष्णवर्णीय बाईंना विचारा. त्यांचा जन्म 1932 चा, टेक्सासमधल्या वेको गावचा. त्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकल्या. 1961 मध्ये त्यांनी आपल्याच गावच्या बेलर विद्यापीठाकडे अर्ज केला. वर्णाचे कारण दाखवून तो नाकारला गेला. मग त्या टेक्सास विद्यापीठात गेल्या. तिथे मूर यांच्या वर्गात त्यांना बसता आले नाही. शिकवण्याचे साहाय्यकपद मिळाले नाही. प्राध्यापक आणि विद्यार्थी ज्या कॉफीच्या दुकानात गणिताची चर्चा करत, तिथे काळ्यांना मज्जाव होता. म्हणजे ज्ञानाची अर्धी देवघेव जिथे होत होती, तिथून त्या बाहेरच. तरीही 1966 मध्ये त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. आणि ज्या बेलरने त्यांना विद्यार्थिनी म्हणून नाकारले होते, त्याच बेलरमध्ये त्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक म्हणून दाखल झाल्या!

या कथेला आणखी एक पदर आहे. मूर यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी जॉन क्लाइन. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि गुरूच्या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डडली वुडर्ड यांना 1928 मध्ये आणि विल्यम क्लेटर यांना 1933 मध्ये पीएच.डी. मिळाली. दोघेही कृष्णवर्णीय, दोघांचाही विषय टोपॉलॉजी. मूर यांनी वर्गाबाहेर ठेवलेला समाज त्यांच्याच शिष्याच्या हातून त्यांच्या विद्येत शिरला.

क्लेटर यांचे काम काय होते? एक कोडे पाहा. तीन घरे, तीन विहिरी. प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत वाट काढायची, पण कोणतीही वाट दुसरीला छेदता कामा नये. सपाट कागदावर किंवा चेंडूच्या पृष्ठभागावर हे अशक्य आहे. कोणत्या आकृत्या अशा मांडता येतात आणि कोणत्या नाहीत, याचे उत्तर पोलंडचे कुराटोव्हस्की यांनी 1930 मध्ये दिले. क्लेटर यांनी हाच प्रश्न कितीतरी व्यापक आकृत्यांसाठी सोडवला. त्यांचे निबंध 1934 आणि 1937 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या जगातल्या अव्वल नियतकालिकात छापून आले. एवढे करून मोठ्या विद्यापीठात कायमची जागा मिळाली का? नाही. गणित परिषदेला गेले की इतरांबरोबर हॉटेलात उतरता येत नसे, कोणाच्या तरी घरी सोय करावी लागे. शेवटी त्यांनी परिषदांना जाणेच सोडले. त्यांनी पुढे बरीच वर्षे हॉवर्ड विद्यापीठात शिकवले, पण संशोधनाचा तो झरा आटला. त्यांची बुद्धी कमी पडली नाही, त्यांना माणुसकी कमी पडली.

1961 सालीच अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली. हवामानाचे गणित संगणकावर करताना एडवर्ड लोरेन्झ यांनी 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला. फरक नगण्य होता, पण थोड्याच वेळात संगणकाचे हवामान पार वेगळे झाले. सरळ रेषेत न चालणाऱ्या, सतत बदलत्या व्यवस्थांच्या गणितात हा शोध मैलाचा दगड ठरला. सुरुवातीचा बारीक फरक शेवटी आभाळाएवढा होतो. आठवीतल्या मुलीला कोणी म्हणते, ‘गणित तुझे काम नाही.’ हा फरक किती दशांश स्थळांचा? आणि वीस वर्षांनी तो केवढा होतो?

बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. दलित पँथरने 1972 मध्ये आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा ही कथा आम्हांला परकी नाही. टेक्सासमधली गणिताची इमारत मूर यांच्या नावाने ओळखली जाई. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि 2020 मध्ये विद्यापीठाने ते नाव काढले.

आणि आपल्याकडे? केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा 2019 मध्ये झाला. त्याच्या कलम 4 ने काही संस्था आरक्षणातून वगळल्या. अनुसूची उघडून पाहा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था. देशात गणिताचे सर्वोच्च संशोधन जिथे चालते, नेमक्या त्याच जागा! कारण काय, तर उत्कृष्टता. म्हणजे आमचा माणूस आला की उत्कृष्टता बाटते, असेच ना? या विधानाची सिद्धता कोणी दिली? फळ्यावर मांडून दाखवा.

चळवळीलाही आमचे सांगणे आहे. आमच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके भरपूर आहेत. कलेक्टर जरूर व्हावे. पण शुद्ध गणिताचे एखादे पुस्तक आणि ते समजावणारा एखादा प्राध्यापक त्या अभ्यासिकेत का नसावा? आमच्या खासदारांनी ती अनुसूची संसदेत वाचून का दाखवू नये? ज्ञानाचा कोणताही प्रांत ‘आमचा नव्हे’ म्हणून आपणच सोडून दिला, तर दार बंद करणाऱ्यांचे काम आपण हलके करतो.

फळ्यामागचे डबे ज्यांचे असतील त्यांनी ते उचलावेत किंवा तिथेच राहू द्यावेत. आमची मुले-मुली खडू हातात घेऊन फळ्यापाशी जाणारच.