भारतातील फोन टॅपिंग आणि खासगीपणाचा अधिकार

फोन टॅपिंग म्हणजे दोन व्यक्तींमधील दूरध्वनी संभाषण किंवा संदेश त्यांच्या नकळत तिसऱ्याने मध्येच अडवून ऐकणे, वाचणे अथवा ध्वनिमुद्रित करणे. भारतात खासगी व्यक्तीने असे करणे गुन्हा आहे. केंद्र व राज्य सरकारांना मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांसाठी आणि ठरावीक कार्यपद्धतीने तसे करता येते. हा अधिकार दीर्घकाळ भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील कलम ५(२) वर आधारलेला होता. आज तो दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २०(२) मध्ये आहे. संगणक व इंटरनेटवरील माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६९ लागू होते. राज्यसंस्थेचा हा अधिकार आणि संविधानाच्या अनुच्छेद २१ खाली मान्य झालेला खासगीपणाचा मूलभूत अधिकार यांची सीमारेषा मुख्यतः न्यायालयीन निकालांतून आखली गेली आहे.

पार्श्वभूमी

१८८५ चा कायदा टेलिफोनसाठी नव्हे, तर तारयंत्रासाठी केलेला होता. ‘सार्वजनिक आणीबाणी’ असेल किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ आवश्यक असेल तर सरकारला तारा अडवता येतील, अशी त्यात तरतूद होती. पुढे टेलिफोन आणि त्यानंतर मोबाइल फोनही याच तरतुदीखाली आले. १९७२ च्या दुरुस्तीने तिला पाच कारणांची चौकट घातली: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परकीय राष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यास चिथावणी रोखणे. कलमाची रचना दुपदरी असून हा मुद्दा अनेकदा नजरेआड होतो. आधी आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवलेला असावा लागतो; त्यानंतरच पाचपैकी एखादे कारण दाखवता येते. केवळ कारण पुरेसे नाही.

पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेला संविधानातच स्थान द्यावे, हा विचार १९४७ मध्ये पुढे आला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेला सादर करण्यासाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात व्यक्ती, घर व कागदपत्रे यांच्या अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षणाचे कलम होते. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेचा स्वतंत्र उल्लेख होता. गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल, असा आक्षेप बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी घेतला आणि ही तरतूद गळाली. १९५४ चा एम. पी. शर्मा आणि १९६२ चा खडकसिंग या निकालांमध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार नसल्याचे म्हटले गेले. ही भूमिका औपचारिकरीत्या रद्द होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

मलकानी खटला

फोनवरील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाविषयीचा सर्वाधिक उद्धृत होणारा जुना निकाल मुंबईतील आहे. शहराच्या कॉरोनरने एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीसंदर्भात डॉक्टरकडे लाच मागितल्याचे ते प्रकरण होते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने संभाषणातील एका व्यक्तीच्या संमतीने तिच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. पुरावा मिळवण्याची पद्धत सदोष असली तरी तेवढ्याने तो बाद होत नाही, हे तत्त्व या निकालाने दृढ केले. बेकायदा टॅपिंग झाल्याचे सिद्ध होऊनही आरोपीला त्याचा लाभ बहुधा का मिळत नाही, याचे उत्तर या तत्त्वात सापडते.

पीयूसीएल निकाल, १९९६

राजकीय विरोधकांचे फोन ऐकल्याचे आरोप १९८० च्या दशकात वाढले. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना अशाच आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला. राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगबाबतचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल प्रकाशात आल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेने १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. एस. सगीर अहमद यांनी निकाल दिला. घरात वा कार्यालयात फोनवर निर्वेधपणे बोलणे हा खासगीपणाचा भाग आहे आणि कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय टॅपिंग केल्यास अनुच्छेद २१ चा भंग होतो, असे न्यायालयाने ठरवले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचा प्रश्न ही गुप्त राहणारी स्थिती नसते, ती सामान्य विवेकी माणसालाही दिसून येते, हे निरीक्षणही महत्त्वाचे होते.

मात्र न्यायाधीशाची पूर्वपरवानगी अनिवार्य करावी, ही याचिकाकर्त्यांची मुख्य मागणी मान्य झाली नाही. कायद्यात तशी तरतूद नसल्याने ते शक्य नसून याबाबतचे नियम करणे केंद्र सरकारचे काम असल्याचे न्यायालयाने म्हटले. त्याऐवजी गृहसचिवाचा लेखी आदेश, मर्यादित मुदत आणि पुनर्विलोकन समिती अशी व्यवस्था घालून देण्यात आली. सरकारने ती पुढे नियमांत उतरवली ती तार नियमावलीच्या नियम ४१९-अ द्वारे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार अधिनियमाखालील नवे नियम त्याच्या जागी आले, तरी आराखडा बव्हंशी तोच राहिला.

कार्यपद्धती

आदेश केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव देतात. तो ६० दिवस लागू राहतो व मुदतवाढ धरून १८० दिवसांपलीकडे चालू ठेवता येत नाही. तातडीच्या प्रसंगी तपास यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतात. सात कामकाजी दिवसांत त्यास मंजुरी न मिळाल्यास टॅपिंग थांबवावे लागते. पुनर्विलोकन समितीचे अध्यक्ष केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, तर राज्यात मुख्य सचिव असतात. म्हणजेच आदेश देणारे आणि तो तपासणारे, दोघेही प्रशासनातीलच असतात. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला नंतरही ते कळवण्याची तरतूद नाही. त्यामुळे खटला उभा राहिला तरच बहुतेकांना ही बाब समजते.

समितीच्या कामाचा आवाका न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालातून स्पष्ट होतो. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराच्या आधारे अहवालात नमूद केले आहे की, केंद्राकडून दरमहा सुमारे ७,५०० ते ९,००० आदेश निघतात आणि दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. अहवालाने हे काम अवास्तव ठरवले.

संभाषणाचा आशय आणि कॉलचा तपशील (सीडीआर) यांत फरक आहे. कोणी कोणाला, केव्हा आणि कोणत्या टॉवरच्या क्षेत्रातून फोन केला, हा तपशील मिळवण्यासाठी वरील आदेश लागत नाही. पोलीस तो दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवतात. एखाद्याचे संबंध, सवयी व दैनंदिन हालचाली उघड करण्यास पुष्कळदा एवढेच पुरते.

महाराष्ट्र

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मोक्का) मध्ये संभाषण अडवण्याची स्वतंत्र तरतूद आहे. अशा संभाषणाचा पुरावा मांडायचा असल्यास परवानगीच्या आदेशाची प्रत सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. तार व दूरध्वनी हे केंद्राच्या सूचीतील विषय असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमे २००३ मध्ये रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरवली.

पुट्टस्वामी निकालानंतर

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने जाहीर केले. त्यावर निर्बंध घालण्यासाठी कायद्याचा आधार, न्याय्य उद्देश आणि उद्देशाच्या प्रमाणातच हस्तक्षेप या कसोट्या लागू झाल्या. त्यांचा थेट परिणाम विनीत कुमार विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग या प्रकरणात दिसला. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपाच्या तपासात काढलेले तीन टॅपिंग आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. लाचखोरी गंभीर असली तरी त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशीच दिशा घेतली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या प्रमाणावरील भ्रष्टाचार या व्याख्येत बसू शकतो, असे मत दिले.

वरील सर्व नियमांमध्ये दूरसंचार कंपनीमार्फत संभाषण अडवणे गृहीत धरलेले आहे. पेगासससारखे हेरगिरीचे सॉफ्टवेअर थेट फोनमध्ये शिरते आणि संदेश कूटबद्ध होण्यापूर्वीच वाचते. २०२१ मध्ये त्याच्या वापराचे आरोप झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आल्यानुसार, तपासलेल्या २९ पैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले. ते पेगाससच होते, असा निष्कर्ष समितीला काढता आला नाही. केंद्र सरकारने चौकशीत सहकार्य केले नाही, अशी नोंद समितीने केल्याचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी त्या सुनावणीत सांगितले.