औंढा नागनाथची गुरुत्वलहरी वेधशाळा

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकाराला येत आहे. न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा वेध घ्यायचा तर वैश्विक किरणांपासून आडोसा मिळावा म्हणून प्रयोगशाळा डोंगराच्या पोटात न्यावी लागते (तमिळनाडूतील थेनी येथे नियोजिलेली वेधशाळा तशीच होती आणि ती स्थानिक विरोधात अडकून पडली). गुरुत्वीय लहरींना मात्र कोणताच खडक अडवू शकत नाही, त्यामुळे येथे गरज आहे ती सपाट आणि शांत जमिनीची.

दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप होतात तेव्हा अवकाशच ताणले-आखडले जाऊन जी लाट पसरते, तीच गुरुत्वीय लहर. ती मोजण्यासाठी काटकोनात 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा बांधून एकाच लेझरचा झोत दुभागून त्यांत सोडला जातो, आणि टोकांच्या आरशांवरून परतलेले झोत एकत्र आणून कोणती भुजा किंचित लांबली हे पाहिले जाते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान असल्याने झोताच्या नळ्या जवळजवळ पूर्ण निर्वात राखाव्या लागतात, आणि सुमारे 40 किलोचा प्रत्येक आरसा चार टप्प्यांच्या लोलकाच्या तळाशी काचेच्या बारीक तंतूंनी टांगावा लागतो, म्हणजे जमिनीची थरथर त्याच्यापर्यंत पोहोचेतो विरून जाते.

अमेरिकेतील अशा दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली. 11 फेब्रुवारी 2016 च्या घोषणेनंतर सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली, पण 2,600 कोटी रुपयांच्या अंतिम मंजुरीला 6 एप्रिल 2023 उजाडले. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेकडून यायचे असले, तरी गोंगाटात बुडालेला संकेत ओळखण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासूनच काम करीत होते. लहर कोठे किती उशिरा पोहोचली यावरून तिच्या उगमाची दिशा कळत असल्याने, इतर वेधशाळांपासून दूर असणे हेच या जागेचे मोल आहे.

2024 मध्ये हिंगोली परिसराला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा जागेविषयी शंका निघणे साहजिक होते. परंतु क्वचितच्या भूकंपाने निरीक्षण काही काळ खंडित होते, खरा उपद्रव असतो तो रोजच्या वर्दळीचा. मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषात मोजले जाणारे अवजड उद्योगांचे दुर्भिक्ष येथे पात्रता ठरले, आणि प्रकल्पामागून येऊ पाहणाऱ्या खडी क्रशरांना व मालमोटारींना वेधशाळेपासून दूर ठेवणे ही आता प्रशासनाची जबाबदारी आहे.