वी कन्सोल: हात हलला, पण यंत्राला काय कळलं?

कात्रज चौकातून इथवर वेळेत पोचणं किती अवघड आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणून मुद्दामच दहा मिनिटं उशिरा सुरुवात करतो आहोत.

आजचा विषय निन्टेंडोचा वी हा गेम कन्सोल. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तो अमेरिकेत विक्रीला आला. हातात रिमोट धरून हात फिरवायचा, की पडद्यावरचा खेळाडू रॅकेट फिरवतो. इथे कात्रजला आमच्या सोसायटीत तो २००९ साली आला, आमच्यापैकी एकाच्या भावाने न्यू जर्सीहून आणला. पहिल्याच संध्याकाळी त्याचा अडॅप्टर जळाला. त्यात यंत्राचा काही दोष नव्हता. अडॅप्टर १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३०, आणि त्यावर काय छापलंय ते आमच्यापैकी एकानेही वाचलं नव्हतं. मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास शोधाशोध करून १२ व्होल्ट आउटपुटचा दुसरा जमवला. गेमच्या डिस्कही अमेरिकेतल्याच लागायच्या. युरोपातली किंवा जपानमधली डिस्क तो घेत नसे. त्यामुळे नवीन गेम हवा असेल तर कोणाचे नातेवाईक कधी येताहेत, याची चौकशी करावी लागे.

आता तो चालतो कसा ते बघू. टीव्हीवर एक बारीक पट्टी ठेवायची असते, तिला सेन्सर बार म्हणतात. नाव फसवं आहे, कारण ती काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, बस. कॅमेरा असतो तो रिमोटच्या तोंडाशी. त्याला ते दोन ठिपके दिसतात आणि त्यांवरून रिमोट पडद्यावर कुठे रोखलाय ते ठरतं. म्हणजे ती पट्टी काढून टीव्हीसमोर दोन निरांजनं ठेवली तरी काम भागतं! आम्ही करून पाहिलंय. उलट दिवाळीत टीव्हीच्या कडेला पणत्या लावल्या, तेव्हा पडद्यावरचा बाण सैरभैर झाला.

पण टेनिसचा फटका किंवा बोलिंगचा चेंडू, यांत मुख्य काम कॅमेऱ्याचं नाही. ते रिमोटच्या पोटातल्या अ‍ॅक्सिलरोमीटरचं. एका चिपमध्ये सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. रिमोटला हिसका बसला की तो तुकडा किंचित सरकतो, आणि ते सरकणं मोजलं जातं. म्हणजे यंत्राला कळतो तो वेगातला बदल, आणि रिमोट स्थिर असेल तर खाली कुठे आहे ते. तुमचा खांदा, कोपर, तुम्ही उभे आहात की सोफ्यावर लोळताय, यातलं काहीही त्याला कळत नाही.

वीचं सगळं यश इथेच आहे असं आम्हाला वाटतं. ज्या आज्जींनी आयुष्यात कधी गेमचं बटण दाबलं नव्हतं, त्यांचा वेडावाकडा हातसुद्धा यंत्र ‘फटका’ म्हणून मान्य करायचं. टेनिसमध्ये तर पळायचं कामही ते स्वतःच करी. सोबत मिळणाऱ्या वी स्पोर्ट्समध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. क्रिकेट नव्हतं, म्हणून आमची पोरं बेसबॉलमध्येच कव्हर ड्राइव्ह मारायची आणि तेही चालून जायचं. चित्र मात्र जुन्या दर्जाचं, ४८० रेषांचं. त्याच काळातले सोनी आणि मायक्रोसॉफ्टचे कन्सोल हाय डेफिनिशन दाखवत होते. तरीही वी १० कोटींहून जास्त विकला गेला. लोक इतक्या जोरात हात फिरवत की रिमोट निसटून टीव्हीवर आदळत. मनगटाचा पट्टा तुटायच्या तक्रारी आल्या, आणि पहिल्या काही आठवड्यांतच कंपनीला तो जाड करून बदलून द्यावा लागला.

आता दुसरी बाजू. आमच्या इमारतीतले एक अण्णा, ६८ वर्षांचे, पक्षाघातातून सावरत होते. उजवा हात अडखळायचा. फिजिओथेरपीचे व्यायाम करायला त्यांना अजिबात आवडत नसे. आम्ही त्यांना बोलिंगला बसवलं. दोन आठवड्यांत अण्णा आम्हाला हरवायला लागले. घरचे खूश, आम्ही तर त्याहून खूश. मग त्यांच्या फिजिओथेरपिस्ट बाई एकदा खेळ बघायला आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, त्या अण्णांच्या खांद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “अण्णा, खांदा जागचा हललेला नाही. तुम्ही नुसतं मनगट उडवताय.”

खरंच होतं. चिपला हिसका हवा होता, तो कुठून आला याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. अण्णांनी यंत्राला काय हवं ते ओळखलं आणि नेमकं तेवढंच दिलं. गुण वाढत होते, हात होता तिथेच. ज्या उदारपणामुळे आज्जी खेळू शकल्या, त्याच उदारपणाने अण्णांना फसवलं, आणि आम्हालाही.

२००९ मध्येच निन्टेंडोने मोशन प्लस नावाची जोडणी काढली. तिच्यात जायरोस्कोप होता, त्यामुळे मनगट किती फिरलं ते बरंच अचूक कळू लागलं. तलवारबाजीला मजा आली. पण मध्येच रिमोट टेबलावर पालथा ठेवून यंत्राची समजूत घालावी लागे, आणि आज्जी लोक मुकाट्याने जुन्या बोलिंगकडे परतले. खांदा तर यालाही दिसत नव्हताच. तो दिसला मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टला, २०१० च्या शेवटी. त्यात रिमोटच नाही, कॅमेरा अख्खं शरीर बघतो. फक्त एका माणसाला सहा फूट आणि दोघांना आठ फूट मागे उभं राहावं लागे. इथल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण आणि टीपॉय वजा करून आठ फूट काढून दाखवा!

आमची ही फजिती एकट्या कात्रजची नव्हती. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत वी दिला, काहींना पत्ते, बिंगो असे साधे खेळ. दोन्ही गट सुधारले, आणि वीचा गट काही पुढे गेला नाही.

अण्णांच्या बाबतीत बाईंनी वी बंद केला नाही. त्या शेजारी उभ्या राहून खांद्यावर हात ठेवत, आणि खांदा हलला नाही तर तो चेंडू बाद. अण्णांचे गुण धाडकन खाली आले आणि ते चिडले. बोलिंग आठवड्यातून एकदाच राहिलं. बाकीचे दिवस क्लब हाउसमध्ये रमी, पण पिसायचं आणि वाटायचं उजव्या हातानेच, अशी अट. तेरा-तेरा पानं वाटायला त्यांना बराच वेळ लागायचा. तोवर बाकीचे चहा घेत बसायचे.

इथे थांबतो. रिमोट मागच्या टेबलावर ठेवलेत, ज्यांना खेळून बघायचंय त्यांनी जरूर बघा. पट्टा मात्र आधी मनगटात अडकवा, प्रोजेक्टर भाड्याचा आहे.