घरातला एक कोपरा आवाजासाठी

लग्नाचा आल्बम, मुंजीचा आल्बम, मुलांची बारशी, महाबळेश्वरची सहल. कपाट उघडलं की अंगावर कोसळतात, हो ना? मोबाईलमधल्या फोटोंची तर मोजदादच नाही. पण आजेसासूबाई ओव्या कशा म्हणत, आईची अंगाई कुठल्या सुरात सुरू व्हायची, वडील पोथी वाचताना कुठे थांबत, हे ऐकायचं म्हटलं तर घरात काय सापडेल? बहुतेक घरांत काहीच नाही. फार तर एखाद्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बँडच्या गोंगाटामागे ऐकू येणारं अर्धं वाक्य! चेहरे आपण जपले, आवाज मात्र राहून गेले.

आणि आवाज फोटोसारखा थांबत नाही. पंचाहत्तरीनंतर तो दर वर्षी थोडा बारीक होतो, कापरा होतो. कवळी बसवली की ‘स’ आणि ‘श’ बदलतात. म्हणून हे काम ‘पुढच्या दिवाळीत बघू’ अशा यादीत टाकू नका.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी स्टुडिओ लागतो, काचेची खोली, लाखभर रुपयांची यंत्रं! तसं काही नाही. आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीची ध्वनिमुद्रणं सुरू झाली ती १९०२च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात, हॉटेलच्या खोलीत. फ्रेड गायसबर्ग नावाचे गृहस्थ यंत्र घेऊन आले होते. गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायल्या आणि शेवटी आपलं नावही सांगून मोकळ्या झाल्या. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं ना! परवापरवाची गोष्ट सांगायची, तर बिली आयलिश या अमेरिकन मुलीचा जो आल्बम २०२०मध्ये ग्रॅमीच्या सर्वोच्च पारितोषिकाला पात्र ठरला, तो तिच्या भावाने आईवडिलांच्या घरातल्या आपल्या छोट्या खोलीत तयार केला होता. तेव्हा खोलीचं कारण पुढे करायला नको.

पैसे सर्वांत शेवटी खर्च करायचे आहेत. माईक कोणता घ्यावा हा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण तो तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न खोलीचा, दुसरा वेळेचा.

गोधडी आणि साड्यांचं कपाट

मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा. बैठकीच्या खोलीत, गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती असतील तिथे, टाळीमागून ‘टण्ण’ असा बारीक झणत्कार ऐकू येईल. तो भिंतींवरून परत आलेला आवाज. आपल्या कानाला त्याची सवय असते, माईकला नसते. बोलणारी बाई हौदात बसून बोलतेय असं वाटतं ते यामुळेच, आणि नंतर कितीही महागडं यंत्र आणलं तरी हा हौद काही धुऊन निघत नाही.

आता निजायच्या खोलीत तीच टाळी वाजवून बघा. गाद्या, उशा, पडदे आणि कपाटातल्या साड्या तो परतणारा आवाज पिऊन टाकतात. म्हणजे निम्मा स्टुडिओ तुमच्या घरात आजच तयार आहे. कपाटाची दारं सताड उघडायची, साड्या दिसू द्यायच्या आणि गाणाऱ्या बाईला कपाटाकडे पाठ करून बसवायचं. गोधडी कुठे टांगावी? नवखी मंडळी ती माईकच्या मागे टांगतात. पण साध्या माईकचा कान समोर असतो, त्याला गाणारीच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. म्हणून पहिली गोधडी तिच्या पाठीमागे. दुसरी असेल तर बाजूला, आणि पायाखाली सतरंजी. कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर दुहेरी गोधडी छान बसते. ती भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा, जास्त काम करते.

एक मात्र लक्षात ठेवा. गोधडी खोलीतला घुमारा कमी करते, रस्त्यावरची रिक्षा अडवत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायची जी युक्ती सगळीकडे सांगितली जाते, तिने दोन्ही कामं धड होत नाहीत. शिवाय झुरळांची सोय होते ती वेगळीच.

रिक्षा अडत नाही म्हणून वेळ निवडायची. ती तुमच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? पाणी कधी येतं, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या कधी संपतात, शाळेची बस कधी येते! बहुतेक घरांत दुपारी दोन ते चार हा काळ बरा. पंखा बंद, फ्रीज थोडा वेळ बंद (नंतर आठवणीने सुरू करा, नाहीतर दुधाचं काही खरं नाही), इन्व्हर्टर गुणगुणत असेल तर त्याच्यापासून लांबची खोली. दारावरच्या घंटीचं बटण बंद. मोबाईलवरच टिपत असाल तर त्याला विमानातल्या मोडवर टाका. उन्हाळ्यात पंख्याशिवाय वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणाला बसवू नये, म्हाताऱ्या माणसांना तर नाहीच.

आता माईक

पहिले दोन महिने एक पैसाही खर्च न करता हातातल्या मोबाईलवर करून बघा. त्याचा माईक बहुधा खालच्या कडेला असतो, तिथे बोट येऊ देऊ नका. फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे बांगडी आपटली तरी धडधड येत नाही. तोंडापासून अंतर एक वीत. हे अंतर म्हणजेच निम्मं शास्त्र आहे! वितीच्या जागी हातभर लांब गेलात की आवाज लहान होतो आणि खोली मोठी. बाहेरचा कुत्रा आणि आतला सूर दोन्ही एकाच मापाचे होऊन बसतात.

मग पुढे जावंसं वाटलं तर बाजारात तीन वाटा आहेत. कॉलरला लावायचा छोटा माईक पाचशे-हजारांत मिळतो. गप्पा, आठवणी टिपायला तो उत्तम. माणूस त्याला विसरून जातो, हा त्याचा मोठा गुण. दुसरी वाट, संगणकाला सरळ जोडायचा यूएसबी माईक. तिसरी, वेगळा माईक आणि मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची डबी. ही वाट आठ-दहा हजारांच्या पुढेच जाते. घरात पेटी-तबल्यासह रियाझ चालत असेल, दोन माईक एकदम लावायचे असतील तरच ती धरा. नुसत्या बोलण्यासाठी आणि ओव्यांसाठी नको.

दुकानदार ‘कंडेन्सर घ्या ताई, बारीकसारीक सगळं पकडतो’ असं म्हणेल. खरंच पकडतो! शेजारणीची फोडणीसुद्धा. गजबजलेल्या गल्लीत राहत असाल तर सभेत हातात धरतात तसला डायनॅमिक माईक बरा. तो तोंडाजवळ धरावा लागतो, म्हणून लांबचं कमी ऐकतो. कंडेन्सर घेतलात तर आधी त्याची पुढची बाजू कोणती ते बघा. पुष्कळांना वरच्या टोकातून बोलायचं वाटतं, पण अनेक मोठ्या कंडेन्सरांचा कान कुशीत असतो. कंपनीची खूण असलेली बाजू बहुधा समोरची. इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण याच जातीसाठी असतं.

मराठीत प, फ, ब, भ यांची चंगळ. ‘पांडुरंग’ म्हटलं की तोंडातून वाऱ्याचा झोत येतो आणि माईकवर ‘धप्प’ आदळतो. त्यासाठी गाळणी मिळते, पण विकत कशाला? भरतकामाच्या गोल फ्रेममध्ये जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माईकच्या चार बोटं पुढे धरा. शिवाय माईक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित एका बाजूला ठेवा. दोन्ही केलंत की धप्प गेलंच समजा.

हेडफोन मात्र कानभर बसणारे घ्या, आणि टिपतानाच ऐका. तानपुरा किंवा तालाचं यंत्र लावायचं तर ते गाणारीच्या कानातच वाजू द्या, स्पीकरवर नको. नाहीतर तोही गाण्यात मिसळतो आणि मग त्याला वेगळं काढता येत नाही.

संगणकावर ऑडॅसिटी नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, २०००पासून चालत आलेला. तो पुरतो. आवाजाची पट्टी हलताना सर्वांत मोठ्या सुरालाही लाल रेघेच्या बरीच अलीकडे, उणे बारा ते उणे सहाच्या मध्ये राहू द्या. लहान आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला शिवता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. ती शांतता वाया जात नाही. त्या तुकड्यावरून प्रोग्रामला खोलीची गुणगुण कळते आणि ती तो इतर भागातून कमी करतो. पण बेतानेच हो! फार साफ करायला गेलात तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. फाईल वेव्ह स्वरूपात ठेवा. एका माईकची साधी फाईल तासाला सव्वातीनशे एमबीच्या आसपास जागा घेते. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करा, मूळ फाईलला हात लावू नका.

‘माझा काय आवाज!’

यंत्रांचं झालं. खरी कसोटी पुढेच आहे. सासूबाईंना समोर बसवून ‘हं, म्हणा’ म्हटलंत तर त्या म्हणणार, ‘चल, माझा काय आवाज आता!’ आणि पदर सावरून उठणार.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या! २०१७पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. म्हणणाऱ्या कुणी गायिका नव्हत्या, दळण करणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बाया होत्या. त्यांतल्या थोड्याशा सासूबाईंना ऐकवा. ‘आमच्याकडे ही अशी नव्हती म्हणत’ असं म्हणत त्या स्वतःच सुरू होतील. तेवढ्यासाठी यंत्र आधीपासून चालू असू द्या, मात्र त्यांना सांगून.

हाताला काम द्या. शेंगा सोलायला द्या (तांदूळ नकोत, ताटात खळखळतात), वाती वळायला द्या. हात चालू लागले की गळा मोकळा होतो. एखादी मैत्रीण किंवा जाऊबाई बोलवा, एकीला ओळ आठवली नाही तर दुसरीला आठवते. हादग्याची, भोंडल्याची गाणी, खानदेश-विदर्भाकडच्या भुलाबाईची गाणी तर एकटीने म्हणायचीच नसतात. अशा वेळी माईक मध्ये ठेवून सगळ्यांनी त्याच्याभोवती जवळ जवळ बसावं. घरात जातं शिल्लक असेल तर मूठभर धान्य घालून फिरवूनच ओवी म्हणायला सांगा. घरघर आली तर येऊ द्या, ओवीचा ठेका तीच धरते. जात्याखाली जाड पोतं घाला आणि माईक जात्याकडे नाही, तोंडाकडे वळवा.

चुकल्या तर थांबवू नका. खोकला, हसणं, ‘अगं, पुढचं काय बरं’, सगळं राहू द्या. नातवंडं पुढे तेच पुन्हा पुन्हा ऐकणार आहेत.

हा कोपरा मांडलाच आहे तर तो तुमच्याही कामाला येईल. लग्नाआधी गाणं शिकलेल्या कितीतरी जणींचा तंबोरा माळ्यावर गेला. रोज पंधरा मिनिटं गाऊन तेच संध्याकाळी ऐकायचं, याच्याइतका परखड मास्तर नाही. वाचन चांगलं असेल तर अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून द्यायचं काम अनेक शहरांत चालतं, त्यांना घरून केलेलं स्वच्छ वाचन हवं असतं. घरात मात्र सांगून ठेवा: दाराला लाल फडकं लावलं की दार वाजवायचं नाही, चहा विचारायलासुद्धा नाही. पहिले आठ दिवस अहोंना आणि मुलांना जड जाईल. जाऊ द्या.

टिपून झालं की त्याच दिवशी फाईलला नाव द्या: कोण, कुठल्या गावची, काय म्हटलं, तारीख. ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ अशा नावाचं काही वर्षांनी कुणालाही सापडणार नाही. गौहरजानसारखं प्रत्येकीला आपलं नाव आणि माहेरचं गाव माईकमध्येच सांगू द्या. प्रती तीन ठेवा, संगणकात एक, बाहेरच्या डिस्कवर एक आणि तिसरी नणंदेच्या किंवा बहिणीच्या घरी.

आणि पाठवण्याआधी विचारा. जात्यावर बायका जे म्हणत ते पुष्कळदा दुसरीकडे कुठेच बोलता येत नसे. सासुरवास, सवत, दारू, गेलेलं मूल. एखादी ओवी म्हणून झाल्यावर सासूबाई जरा गप्प झाल्या तर यंत्र बंद करा, पाणी द्या, घाई करू नका. ‘ही कुणाला ऐकवू नकोस’ म्हणाल्या तर ती फाईल वेगळी काढून ठेवा. घरच्या गटावरसुद्धा टाकू नका.