चरबी, लेप्टिन आणि सोरायसिस

चरबी म्हणजे शरीराचे कोठार, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने बेसुमार लठ्ठ होणाऱ्या उंदरांमधील सदोष जनुक शोधून काढले. निरोगी प्राण्यात या जनुकानुसार चरबीच्या पेशी एक संप्रेरक बनवतात आणि साठा किती आहे याची वर्दी रक्तावाटे मेंदूला पोचते. हेच लेप्टिन. ग्रीक भाषेत लेप्टॉस म्हणजे सडपातळ.

ही वर्दी एकटा मेंदूच ऐकतो असे नाही. रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींवरही लेप्टिनचे ग्राही असतात. असे का? जंतूंशी लढणे हे खर्चाचे काम आहे. कोठार रिकामे असेल तर लढाई आवरती घेतलेली बरी! उपासमारीत लेप्टिन घटते आणि प्रतिकार मंदावतो. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी उपाशी उंदरांना लेप्टिन टोचून ही मंदी दूर करून दाखवली.

आता उलट स्थिती पाहा. लठ्ठपणात लेप्टिन वाढते आणि दाह शमवणारे अॅडिपोनेक्टिन हे चरबीचेच दुसरे संप्रेरक घटते. टी-पेशी जणू सदैव सज्ज राहतात आणि इंटरल्युकिन-१७ सारखे दाहकारक रेणू अधिक सोडतात. सोरायसिसमध्ये याच रेणूंमुळे त्वचेच्या पेशींची वाढ बेफाम होते. एरवी सुमारे महिनाभर चालणारी त्वचेची उलाढाल चारपाच दिवसांत उरकते. कच्च्या पेशी थरावर थर साचतात आणि खपल्या धरतात. (यात जंतूंचा संसर्ग नाही. म्हणून असा विद्यार्थी शेजारी बसला तर रोग लागत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे.)

पण लठ्ठपणामुळे सोरायसिस होतो, की आजाराने खचलेला माणूस हालचाल कमी करून लठ्ठ होतो? शंका रास्त आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जन्मजात जनुकीय फरकांचा आधार घेतला गेला, कारण जनुके आजारामुळे बदलत नाहीत. त्याचा कौल 'आधी लठ्ठपणा' या बाजूने पडला. तरीही सारा दोष लेप्टिनच्या माथी मारणे मला पटत नाही. सडपातळ माणसांनाही सोरायसिस होतो आणि आनुवंशिकतेचा वाटा त्यात मोठा आहे. डेन्मार्कमध्ये ६० स्थूल रुग्णांवर झालेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६ आठवडे कमी उष्मांकाचा आहार घेणाऱ्यांचे वजन चांगलेच उतरले. त्यांच्या त्वचेतील सुधारणा मात्र योगायोगाची शक्यता पुरती फेटाळता येईल इतकी ठळक नव्हती. आजाराचा रोजच्या जगण्यातला जाच तेवढा निश्चितपणे कमी झाला.